माठाला झालेली कावीळ

माझ्या पित्ताशयातल्या खड्यांची आमच्या घरी दोन दिवाळ्या रीतसर पूजा झाली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. मी स्वतः बाजूला हात जोडून उभा होतो, आणि दुसऱ्या वर्षी तर आरतीच्या तबकात कापूरही मीच ठेवला.

हे समजावून सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. दोन-अडीच वर्षांआधी माझी पाठ दुखत होती, तेव्हा कोणीतरी डोक्यात भरवून दिलं की किडनीत खडा असेल. सोनोग्राफी केली. किडन्या दोन्ही स्वच्छ निघाल्या, पण मशीनवर बसलेल्या डॉक्टरांनी जाता जाता शेजारी डोकावून पाहिलं, तर पित्ताशयात खड्यांची पंगत बसलेली. ते म्हणाले, "सर्जनला दाखवून घ्या. आज गप्प आहेत, पण हे कधीतरी जागा सोडतात." मी म्हटलं, "पाहू."

आमच्याकडे माणूस 'पाहू' म्हणाला की तो विषय त्या दिवसापुरता नाही, त्या जन्मापुरता संपला असं समजायचं. रिपोर्ट बायकोच्या नजरेला पडला असता तर तिने मला त्याच संध्याकाळी धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन टेबलावर झोपवलं असतं. म्हणून मी तो भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरमागे खोचला. ते कॅलेंडर वर्ष संपून गेलं तरी देवीच्या चित्रासाठी तसंच टांगलेलं होतं. त्याला कोणी हात लावत नाही, असा माझा समज.

मायने लावला. दिवाळीची जळमटं काढताना तिला ते पाकीट मिळालं. आत इंग्रजी छापलेला जाड कागद, खाली डॉक्टरांची सही, सोबत काळंपांढरं चित्र. तिने ठरवलं की ही पॉलिसी आहे. मुलाने एवढी जपून ठेवली म्हणजे मोठीच असणार. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर घराचे कागद, बाकीच्या पॉलिस्या आणि सगळ्यात वर माझं पित्ताशय. मी तोंड उघडलं, शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं आणि तोंड मिटून हात जोडले. पूजेनंतर मायने तो रिपोर्ट पॉलिस्यांच्या फायलीत स्वतः लावून ठेवला. पुढच्या वर्षी तो आपोआपच पाटावर आला.

आम्ही कोष्टी. ज्या समोरच्या खोलीत आज माझी स्कूटर उभी राहते तिथे वडिलांचा माग होता. वडील विणत, माय सुताच्या कांड्या भरायची आणि तुटलेले धागे सांधायची. ताण्यातला धागा तुटला की ती डोळे दुसरीकडे ठेवून, मला रागावत रागावत, दोन बोटांनी अशी गाठ मारायची की पुढे लुगड्यात शोधूनही ती सापडू नये. मी मात्र मागावर बसलोच नाही. पंचवीस वर्षांपासून एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. कोणत्या बाटलीतलं पाणी कशात ओतलं की कोणता रंग येतो, हे दाखवायची मांडामांड करणं हे माझं काम. ही माहिती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी माझ्या धंद्याची नाचक्की करणार आहे.

वडील बावन्नाव्या वर्षी काविळीनं गेले. तेव्हा मी बावीस वर्षांचा. घरात ती गोष्ट कायम एकाच पद्धतीने सांगितली जाते. वडिलांच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती. ती रोज वाढत होती, गुडघ्याला टेकतच आली होती, म्हणजे कावीळ उतरतच होती. आणि शेवटी त्यांना रश्श्याची वासना झाली. सावजी मटणाचा रस्सा. ते म्हणाले, एक वाटी दे. मायने दिली. चौथ्या दिवशी ते गेले. पथ्य मोडलं, माळ काय करेल, असं तेव्हा सगळे म्हणाले आणि नंतरही म्हणत राहिले.

तेव्हापासून माय रश्श्याला तोंड लावत नाही. करते मात्र तीच. दर रविवारी सुकं खोबरं, खसखस, काळा मसाला असं सगळं पाट्यावर वाटून ती रस्सा करते, आणि त्या वासाने गल्लीतली कुत्रीसुद्धा शिस्तीत बसतात. विचारलं तर म्हणते, "दात नाही राहिले बापा." फुटाणे मात्र खाते. आणि चाखत नसल्यामुळे त्या रश्श्यात मीठ नेमकं कधीच नसतं. कमी असतं, बरंच कमी असतं. हे तिला सांगायची हिंमत तीस वर्षांत कोणी केलेली नाही. ताटं वाढली की मिठाची वाटी पंगतीतून मांडीखालून फिरते. पाहुण्यांनासुद्धा आम्ही आधीच कानात सांगून ठेवतो.

अशाच एका रविवारी, संत्र्यांच्या दिवसांत, मी तीन वाट्या रस्सा ओरपला आणि दुपारी उजव्या बरगडीखाली कोणीतरी पाना घालून नट आवळायला लागलं. ती कळ खांद्यापर्यंत गेली. मी गॅस म्हटलं. ओवा घेतला, सोडा घेतला, घरात येरझारा घातल्या, उलटी झाली. संध्याकाळी जरा उतरली तेव्हा मी म्हणालो, "पाहा, गॅसच होता." बायको म्हणाली, "सिलेंडरच्या गाडीवाल्यांनीही पाहिला नसन एवढा गॅस तुमच्या पोटात हाय."

तीन दिवसांनी प्रयोगशाळेत आमच्या विज्ञानाच्या मॅडम माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "सर, जरा उजेडात या." मी उजेडात गेलो. त्यांनी मागच्या शेल्फवरून पिवळ्या द्रावणाची बाटली उचलून माझ्या डोळ्याशेजारी धरली आणि ती खाली ठेवली.

घरी आलो तोवर अंगाला खाज सुटली होती आणि लघवी चहासारखी झाली होती. आणि मीही आता बावन्न वर्षांचा. घरात कोणी ते बोललं नाही, पण सगळे माझ्याकडे पाहून मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहत होते. फोटोत ते नुकतीच दाढी करून बसलेले, अगदी माझ्यासारखे. मला एकच गोष्ट हवी होती. त्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकला जाऊ नये.

"दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"काविळीले सुई चालत नाही," माय म्हणाली. "सुई टोचली का कावीळ बिघडते. माळ घाला याले, अन् या खेपी रश्श्याचा वास बी येऊ देऊ नका."

अशा वेळी तोल कोणत्या बाजूला झुकेल ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान ठरवतात. भाऊजींचं जरीपटक्याच्या बाजारात पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. गळ्यात टेप टाकल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत, आणि कोणत्याही आजारावर कुठे जायचं हे त्यांना आजाराच्या आधी ठाऊक असतं. ते म्हणाले, "पारशिवनीच्या अलीकडे एका खेड्यात एक माणूस हाय. पैसे घेत नाही. नारळ घेते फक्त. उद्या बस माह्या मागं, साळेबुवा."

रिपोर्ट काढून दाखवायची ती वेळ होती. पण दोन वर्षं लपवलेली गोष्ट अशी असते की ती जितकी लपवावी तितकी दाखवायला जड होत जाते. शिवाय आता तिच्यावर कुंकू होतं. मी गुपचूप भाऊजींच्या गाडीवर मागे बसलो.

तो माणूस साधा शेतकरी, संत्र्याच्या झाडाखाली बसलेला. बोलायला मऊ. त्याने माझ्या हातांना काहीतरी चोळलं, मला चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, आणि परातीतलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत पिवळंजर्द झालं. पंचवीस वर्षं पोरांना रंग बदलून दाखवणारा मी. चुन्याच्या निवळीत काय टाकलं की काय होतं हे माझ्या वहीत पान घालून लिहिलेलं आहे. आणि मी काय केलं? "बाप रे, किती निघाली," असं म्हणून परातीला नमस्कार केला. मग त्याने हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पांढऱ्या सुतात गुंफलेली एक माळ माझ्या डोक्यावरून कशीबशी खाली ओढून गळ्यात घातली. म्हणाला, "हे वाढन. गुडघ्याले टेकली का समजा उतरली."

आणि माळ वाढली की. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या पहिल्या गुंडीपाशी, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गुंडीखाली. भाऊजी रोज दुकानात जाण्याआधी येऊन टेप लावायचे आणि पडद्याचं माप सांगावं तसं खणखणीत सांगायचे. गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या. मी पलंगावर वेलीसारखा वाढत पडलेला. फुटाणे, उसाचा रस, बिनमिठाची भाकरी असा आहार, आणि खाजवायला शाळेतली लाकडी पट्टी. खोटं कशाला बोलू, मला त्या माळेचा अभिमान वाटायला लागला होता. आयुष्यात माझी म्हणून पहिल्यांदाच एखादी गोष्ट इतकी झपाट्याने प्रगती करत होती.

"माळ वाढून राहिली," बायको म्हणाली, "अन् तुम्ही घटून राहिले."

तिचं बोलणं खरं होतं. पोटातला नट कोणीतरी अधूनमधून आवळतच होतं, डोळे आणखी पिवळे झाले होते. पण टेपपुढे डोळ्यांचं कोण ऐकतं.

त्याच दुपारी माय माझ्या उशाशी येऊन बसली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं 'पाहू' आहे. मला वाटलं, माळेला नमस्कार करायला आली असेल. तिने माळ बोटांत घेतली आणि एकेक काडी, जपमाळ ओढावी तशी, बोटांतून पुढे सरकवत राहिली. दोनदा झाली, तीनदा झाली. मग म्हणाली, "ही गाठ कोनं मारली गा?"

"त्या माणसानं. काहून?"

"अशी गाठ मी मागावर मारली असती तर तुह्या बापानं मले धोटा फेकून मारला असता."

एवढं बोलून ती उठली. अंगणातल्या मेंदीच्या ओल्या काड्या तोडून आणल्या. ट्रंकेतून जुन्या सुताची कांडी काढली, आणि दाराशी बसून, डोळे रस्त्यावर ठेवून, माझ्या गळ्यातल्यासारखीच एक माळ केली. उन्हाळ्यात पाण्याला वापरतो तो माठ कोपऱ्यात रिकामा पडला होता. ती माळ तिने त्याच्या गळ्यात घट्ट बसवली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी टेप घेऊन आले तर समोर हार घातलेला माठ. "आत्याबाई, हे काय?"

"माठाले कावीळ झाली," माय म्हणाली. "जावईबापू, त्याचंही माप घ्या रोज."

भाऊजींना वाटलं म्हातारीला पोराच्या काळजीने भ्रम झाला. पण सासूचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी आधी माझं माप घेतलं, मग माठाचं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माठाचं माप दोनदा घेतलं. मग टेप उलटा करून घेतलं. मग ते माठासमोर उकिडवे बसले. गळ्यात घट्ट बसवलेली माळ माठाच्या पोटावरून घसरून जमिनीला टेकली होती.

"उतरली," माय म्हणाली. "एका थेंबाचं औषध नाही, पथ्य नाही, अन् माठाची कावीळ उतरली."

मग तिने भाऊजींना समजावलं, आणि मी पलंगावरून ऐकलं. काडी ओली असते तोवर फुगलेली असते. सुताचा वेढा तिच्याभोवती सैल गाठीने अडकलेला असतो. काडी वाळली की बारीक होते, वेढा ढिला पडतो आणि त्यात लपलेलं सूत बाहेर येतं. प्रत्येक काडीपाशी थोडं थोडं. गळा कोणाचा आहे याच्याशी माळेला देणंघेणं नाही. "त्या माणसावर रागावू नका," ती म्हणाली. "त्याच्या बापानं शिकवली तशी बांधते तो. त्यालेही नाही माहीत."

हे बोलणं चाललेलं असतानाच माझा पलंग खडखडायला लागला. मला वाटलं शेजारी बोअरवेलची गाडी आली. पण पलंगाला मीच हलवत होतो. थंडी वाजून असा ताप भरला की दात वाजण्याचा आवाज मला स्वतःला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. मायने माझ्या कपाळाला हात लावला. तीस वर्षांआधीही तिने असाच लावला असणार. तिचा हात तिथेच राहिला.

"सूनबाई," ती म्हणाली, "दवाखान्यात ने याले. आताच्या आता."

बायको चप्पल घालूनच उभी होती. ती कधीपासून घालून उभी होती, कोण जाणे.

मग मी दातांच्या तालावर कबुलीजबाब दिला. "माय, पॉलिसीच्या फायलीत... एक रिपोर्ट हाय माहा. पित्ताच्या खड्यांचा. दोन वर्षांचा."

"कोणता? कुंकू लावलेला?"

"तोच."

"म्हणजे मी दोन वर्षं त्या खड्यांची पूजा केली?"

"होय."

"अन् तू हात जोडले."

"कापूरही ठेवला."

बायको एक अक्षर बोलली नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला त्या गप्प राहण्याचा अर्थ बरोबर कळतो. हा आधी वाचला पाहिजे, मग मी याला मारीन.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात सर्जन माझ्या मुलाच्या वयाचे वाटले. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं, मी ओरडलो, रक्त काढलं, पुन्हा सोनोग्राफी झाली. मग बायकोने फाईल पुढे केली. त्यांनी रिपोर्ट उलगडला, तशा टेबलावर चार अक्षता सांडल्या.

"याची पूजा कोणी केली?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, ज्याने केली नव्हती त्याच्याकडे.

त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पित्ताशयातला एक खडा निसटून पित्ताच्या नळीत जाऊन अडकलाय. पित्ताला रस्ता नाही म्हणून ते रक्तात चढलं, त्याची ही कावीळ. आता तुंबलेल्या पित्तात पू झालाय, त्याचा हा थंडीताप. ब्लडप्रेशर खाली यायला लागलंय. तोंडातून दुर्बीण घालून आज, आत्ता, नळी मोकळी करायची. पित्ताशय चार-पाच दिवसांनी, ताप उतरल्यावर काढायचं.

"उद्या आणलं असतं तर?" बायकोने विचारलं.

"उद्याचं मी बोलत नाही," ते म्हणाले, आणि सह्यांसाठी कागद पुढे केले.

मला स्ट्रेचरवर घेतलं. दुर्बिणीच्या खोलीच्या दाराशी सिस्टरने माझी अंगठी काढली, करदोरा काढला, आणि कात्री घेऊन गळ्यातल्या माळेकडे वळली. भाऊजी आडवे आले. माठाचं माप घेऊनही त्यांचं मन पूर्ण वळलेलं नव्हतं. "सिस्टर, गुडघ्यापर्यंत येऊ द्या ना. कापली अन् काही झालं मंग?"

सिस्टर म्हणाली, "काका, मागे व्हा."

"कापू नको वं बाई," माय म्हणाली. "सूत हाय ते."

सिस्टर थांबली. माय स्ट्रेचरपाशी आली, माझ्या मानेमागे बोटं घालून माळेचं टोक शोधलं, आणि ओढलं. एकदाच. सर्रकन आवाज झाला, आणि इतके दिवस टेपने मोजलेली, गल्लीने पाहिलेली, मी मिरवलेली ती माळ नाहीशी झाली. काड्या सगळ्या फरशीवर. मायच्या हातात एक लांबलचक सरळ धागा. एक गाठ नाही त्याला.

भाऊजींनी खाली वाकून एक काडी उचलली, उलटसुलट केली, आणि खिशात ठेवली.

माय तो धागा बोटाला गुंडाळत होती, कांडी भरावी तशी. ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुह्या बापाच्या गळ्यात हेच होती," ती म्हणाली. "मी तवा हात नाही लावला. देवाची वस्तू हाय म्हटलं." मग अगदी हळू, "म्हणजे रश्श्यानं नाही गेला तो."

तेवढ्यात स्ट्रेचर आत गेलं, कोणीतरी माझ्या तोंडात प्लास्टिकची नळकांडी बसवली, आणि हातातल्या सुईतून काहीतरी गार वर चढलं.

शुद्धीवर येताना मी काय बोललो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी संपूर्ण वॉर्डाला परीक्षानळ्या धुवून उलट्या ठेवायला सांगितल्या, समोरच्या पलंगावरच्या उमरेडच्या पेशंटला 'ब्युरेट हाताळू नका' म्हणून दटावलं, आणि सर्जन आले तेव्हा त्यांचा हात धरून विचारलं, "माप किती आलं?" त्यांनी सांगितलं, खडा निघाला, पू निघाला, नळीत छोटी प्लास्टिकची नळी टाकून ठेवली आहे, ती नंतर काढू. मी म्हणालो, "गुडघ्यापर्यंत आली का?" ते म्हणाले, "हो, पार घोट्यापर्यंत." तेव्हापासून तो डॉक्टर मला आवडतो.

ताप दुसऱ्या दिवशी उतरायला लागला. चौथ्या दिवशी माझे डोळे, बायकोच्या मते, पांढरे नाही पण निदान खाण्याच्या लिंबाच्या सालीइतपत आले. पाचव्या दिवशी पित्ताशय. पोटावर चार छोटी छिद्रं करून दुर्बिणीने काढतो, सर्जन म्हणाले. पण सूज फार आहे, आत सगळं चिकटलेलं असलं तर पोट उघडावं लागेल, त्याचीही सही द्या. बायकोने सही केली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दोन वर्षांआधी एका दिवसात घरी आले असते." आजारी माणसाला टोमणा मारू नये असा नियम आहे, पण तो आमच्या घरी लागू नाही.

तासाभराचं काम अडीच तास चाललं. पित्ताशय आतड्याला आणि चरबीला असं बिलगलं होतं की त्याला सोडवता सोडवता सर्जनना घाम फुटला. पण पोट उघडावं लागलं नाही. ही हकिगत मी झोपेत असल्यामुळे मला बायकोकडून मिळाली, तशीच देतो.

सर्जन बाहेर आले. हातात बाटली, बाटलीत माझे खडे. भाऊजींनी बाटली उजेडाला धरून म्हटलं, "तुरीच्या दाळीएवढे हायेत." सर्जन म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, पेशंट ठीक आहे. बायको खुर्चीवर बसली ती पुढची दहा मिनिटं उठलीच नाही. माय मात्र उठली आणि सर्जनच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, एक इचारू? एक वाटी रश्श्यानं माणूस मरते का?"

डॉक्टरांना वाटलं ती माझ्याबद्दल विचारते आहे. "नाही आजी. एका वाटीनं कोणी मरत नाही. आत नळी बंद झालेली असते आणि दवाखान्यात कोणी आणत नाही, त्यानं मरतो." मग घाईने म्हणाले, "पण यांना देऊ नका हं. निदान महिनाभर तरी."

"नाही देत," माय म्हणाली. बायको सांगते, ती परत येऊन बसली, बोटावरचा धागा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला लागली.

घरी आलो तेव्हा माठाभोवतीची माळ तशीच होती. बायकोने ती काढू दिली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवते आणि माझ्याकडे हात करून म्हणते, "दोघांना एकाच वेळी झाली होती. माठ आधी बरा झाला." भाऊजींनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी ओळीने तीन जणांना, काविळीचं नाव काढताच, धंतोलीचा पत्ता दिला. सल्ला देणं त्यांनी सोडलेलं नाही, दिशा तेवढी बदलली. मायने दुसऱ्या डोळ्याचं 'पाहू' मोडून तारीख घेतली. दीड महिन्याने आतली प्लास्टिकची नळी काढली, आणि डॉक्टर म्हणाले की आता काही उरलं नाही, थोडं थोडं सगळं खा.

तो रविवार उजाडला. माय सकाळपासून पाट्यावर. गल्लीतली कुत्री शिस्तीत. आम्ही सगळे पंगतीला बसलो, भाऊजी आणि बहीणही आलेले. माझ्या ताटात फुलका आणि लौकीची भाजी, कारण डॉक्टरांच्या 'थोडं थोडं' या शब्दाचा अर्थ बायकोने स्वतःच्या पद्धतीने लावला होता. बाकीच्यांच्या वाट्यांत रस्सा, वर लाल तेलाचा तवंग. मिठाची वाटी भाऊजींच्या मांडीखालून बहिणीच्या पदराखाली निघालीच होती.

तेवढ्यात वाढता वाढता माय थांबली, पाटावर बसली, आणि एक रिकामी वाटी घेऊन तिने स्वतःला रस्सा वाढून घेतला.

मिठाची वाटी बहिणीच्या पदराखाली अडकली. मी फुलक्याचा घास हातात धरून वडिलांच्या फोटोकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं. मायने वाटी तोंडाला लावली. एक घोट. मग दुसरा, जरा मोठा. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण ते मसाल्याचंही असेल, आमच्याकडे मसाला तसा असतो.

मग तिने वाटी खाली ठेवली आणि आमच्यावरून, एकेकावरून, नजर फिरवली.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "हे असं खाऊन राहिले तुम्ही? मीठ कुठं हाय याच्यात?"

बहिणीने पदराखालून वाटी काढली आणि तिच्यासमोर ठेवली.